निषेधासह, रोख

दोन राज्यांत घरं असलेला माणूस कसा दिसतो, याबद्दल माझी एक ठाम कल्पना होती. तो पांढरे बूट घालतो, बोलता बोलता ‘आमच्या तिकडच्या बंगल्यावर’ असं सहज टाकून जातो आणि तिकडे त्याचा एक माळी असतो. मला माळी नाही. पण मुलुंडला दोन खोल्यांचा फ्लॅट आहे आणि बेळगावच्या शहापुरात आजोबांच्या घराचा पुढचा सोपा व त्यावरची माडी वाटणीपत्राने माझ्याकडे आली आहे. मुलुंड महाराष्ट्रात, शहापूर कर्नाटकात. सोप्यात मांजर व्यायली आहे आणि माडीवर जाताना तिसरी पायरी गाळून चौथीवर पाय ठेवावा लागतो, हा तपशील कोणी विचारल्याशिवाय सांगू नये, असं माझं मत.

नोकरीत असताना ही गोष्ट मिरवायला सवड नव्हती. निवृत्त झाल्यावर आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मालमत्ता कराचा विषय निघाला आणि मी उभा राहिलो. ‘ज्यांची मालमत्ता एकाहून अधिक राज्यांत आहे, अशा आमच्यासारख्यांवर दुहेरी बोजा पडतो,’ असं मी म्हणालो. सभेत शांतता पसरली. ती आदराची असावी, असं वाटेपर्यंत तिसऱ्या मजल्यावरचे कच्छी शेठ म्हणाले, ‘आमचा पण हाय ने कच्छमधे. बंद पडेला.’ मग त्यांच्या बाजूच्या तिघांनी आपापली बंद घरं सांगितली. मंगळूरचे शेजारी म्हणाले, त्यांचंही आहे. केरळचे शेजारी उठून तक्रारच करू लागले, की त्यांच्याकडे ३,००० चौरस फुटांच्या वरच्या नव्या घराला दरवर्षी वेगळा ‘लक्झरी टॅक्स’ भरावा लागतो. तक्रार करताना त्यांचा चेहरा इतका प्रसन्न होता की मला खाली बसावंसं वाटलं. वॉचमनने दारातूनच ‘जौनपूर’ एवढा एक शब्द आत टाकला. अख्ख्या इमारतीत एकाच राज्यात घर असलेले फक्त आमचे अध्यक्ष निघाले. ते मूळचे मुलुंडचेच. त्यांना सगळ्यांनी सहानुभूती दाखवली.

मी आयुष्य लेखा विभागात काढलं आहे. त्यामुळे सभेनंतर जिन्यात उभं राहून, राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीत ४९वी नोंद जमिनी व इमारतींवरील करांची आहे, म्हणून प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, दर वेगळे आणि एका राज्यात भरलेला पैसा दुसऱ्या राज्यात वळता होत नाही, हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळ्यांना ते आधीच माहीत होतं. ते वर्षानुवर्षं दोन्हीकडे भरत होते. जिन्यात उभं राहून घटना सांगायची वेळ फक्त माझ्यावर आली होती.

खरं तर दोन राज्यांत घर घेण्याची आमच्या घराण्याची कधीच ऐपत नव्हती. आजोबांनी १९३१ साली शहापुरात घर बांधलं तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होतं. मधला ओढा ओलांडला की इंग्रजांचं बेळगाव. १९४८ साली संस्थानं विलीन झाली आणि घर मुंबई राज्यात आलं. त्याच सुमारास वडील नोकरीसाठी मुलुंडला आले, तेव्हा आमचं सगळं एकाच राज्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ला राज्य पुनर्रचना झाली, तसं घर म्हैसूर राज्यात गेलं. १ नोव्हेंबर १९७३ला त्याच राज्याचं नाव कर्नाटक झालं. या सगळ्या काळात घर जागचं हललं नाही. आजीने परसातली तुळसही हलवली नव्हती. मुलुंडही काही कमी नाही. ते ठाणे जिल्ह्यात होतं, १९५७ साली बृहन्मुंबईच्या हद्दीत आलं. लोक पैसे मिळवून दुसऱ्या राज्यात घर घेतात. आमच्या बाबतीत आम्ही नुसते स्वस्थ बसलो आणि दुसरं राज्य घरी चालत आलं.

वडिलांना हे मान्य नव्हतं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतला माणूस. बेळगाव महाराष्ट्रात येईपर्यंत म्हैसूर सरकारला घरपट्टी द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पण घरपट्टी दिली नाही तर जप्ती येईल असं आजीचं म्हणणं पडलं. तेव्हा तत्त्व आणि आजी या दोघांनाही सांभाळत त्यांनी मार्ग काढला. ते दरवर्षी मनिऑर्डर करत आणि खालच्या कुपनावर शाईने ‘निषेधासह’ असं लिहीत. ही मनिऑर्डर जायची शहापुरातल्या धाकट्या काकांना. काका पैसे मोजून घेत, कुपन खुंटीच्या तारेला टोचत आणि खिडकीवर जाऊन रोख भरून येत. वडिलांचा निषेध अशा रीतीने दरसाल बेळगावपर्यंत पोहोचून तारेवर अडकत होता. म्हैसूर सरकारला त्याची शेवटपर्यंत दाद नव्हती. एकदा काकांचं पोस्टकार्ड आलं होतं, ‘निषेध पावला. रुपये पाच कमी आले.’

महाजन आयोग १९६६ साली नेमला, १९६७ साली त्याचा अहवाल आला आणि त्यात बेळगाव म्हैसुराकडेच राहिलं, तेव्हा त्या वर्षीच्या कुपनावर ‘तीव्र’ हा शब्द वाढला. २००४ साली महाराष्ट्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तोवर वडील थकले होते. दावा दाखल झाल्याची बातमी त्यांनी दोनदा वाचून घेतली आणि म्हणाले, ‘आता निकालापर्यंत तूच भरत जा.’ निकाल अजून लागायचा आहे.

मी भरू लागलो, पण माझ्या नोकरीतल्या शिस्तीने. प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दोन्ही घरं दाखवली पाहिजेत, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘ते घर कोणाला दिसणार आहे?’ हा प्रश्न किती व्यवहारी होता ते मला फार उशिरा कळलं. त्या वेळचा नियम असा, की स्वतः राहण्याचं म्हणून एकच घर धरायचं. दुसरं रिकामं असलं तरी ते भाड्याने दिल्याचं मानायचं आणि त्याचं वाजवी भाडं आपल्या उत्पन्नात मिळवायचं. म्हणजे आमच्या माडीवर कायद्याने एक भाडेकरू राहायला आला.

या भाडेकरूने मला फार छळलं. त्याचं भाडं मीच ठरवायचं होतं. आक्काला, म्हणजे धाकट्या काकांच्या मुलीला, जी मागच्या भागात राहते, मी फोन करून विचारलं, ‘माडीला भाडं किती येईल गं?’ ती म्हणाली, ‘त्या माडीवर कोण राहतंय रे? उलट आपणच द्यायला पायजे त्याला.’ तरीही मी महिना आठशे रुपये धरले. आठशे धरल्यावर मला रात्री वाटू लागलं की आठशे जास्त होतात. पावसाळ्यात तिथे बादल्या मांडाव्या लागतात. मग सहाशे केले. सहाशे केल्यावर वाटलं, आपण सरकारला फसवतो आहोत. शेवटी सातशेवर आमची तडजोड झाली, म्हणजे माझी आणि त्याची. नियमाप्रमाणे दुरुस्ती वगैरेंपोटी ३० टक्के सरसकट वजावट मिळे. ती मी घेत असे आणि दुरुस्ती करत नसे. त्यामुळे त्याच्यासमोर मला थोडं ओशाळंही वाटे. भरलेली घरपट्टीसुद्धा वजा होते, फक्त ती मालकाने त्याच वर्षात प्रत्यक्ष भरलेली असली पाहिजे. इथे पंचाईत अशी, की घरपट्टीची पावती दरवर्षी आजोबांच्या नावाने येत होती आणि आजोबा १९५५ साली वारले आहेत. मी ती वजावट कधी घेतली नाही. कोणी विचारलंच, तर आजोबांना कसं हजर करणार?

२०१९च्या अर्थसंकल्पाने दोन घरं स्वतःच्या राहण्याची धरायला परवानगी दिली आणि आमचा भाडेकरू त्या १ एप्रिलपासून जागा सोडून गेला. आयुष्यभर एकाही भाडेकरूशी न भांडता मी जागा मोकळी करून घेतली, असं मी आता सांगतो. मुंबईत हे ऐकून लोक माझ्याकडे वळून बघतात.

मुलुंडच्या घराची गोष्ट मात्र मला सांगावीशी वाटत नाही. बायको कोणालाही सांगते, म्हणून आधीच सांगून टाकतो.

मुंबईत पूर्वी घरपट्टी भाड्यावरून काढलेल्या करयोग्य मूल्यावर होती. १ एप्रिल २०१०पासून ती भांडवली मूल्यावर आली: रेडी रेकनरचा दर, चटई क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय, वापर. या बदलाच्या वेळी आमच्या सोसायटीने प्रत्येकाकडून क्षेत्रफळ लिहून मागवलं. करारनाम्यात माझं ४८१ चौरस फूट होतं. पण समोरच्या ब्लॉकवाल्याने ५०५ लिहिलेलं मी सेक्रेटरीच्या टेबलावर उलटं वाचलं. त्याचं आणि माझं घर एकाच नकाशातलं, आरशातल्यासारखं. त्याने खिडकीबाहेरचा फ्लॉवर बेड आत घेतला होता. मीही घेतला होता! आमच्याकडे त्या फ्लॉवर बेडमध्ये फूल कधी उगवलंच नाही. आधी कुंडी, मग कुलर, मग भिंत फोडून लेकीचं अभ्यासाचं टेबल. मी घरी येऊन टेप लावली, टेबलाखालून, कपाटामागून, आणि ५०९ लिहून आलो. चार फुटांनी पुढे. त्या रात्री मला चांगली झोप लागली.

जानेवारी २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांचा मालमत्ता कर माफ केला. ५०० फूट म्हणजे ४६.४५ चौरस मीटर. हा आकडा मी तेव्हापासून विसरलेलो नाही. पलीकडच्या इमारतीतले, ज्यांच्या घरी गेल्यावर मी ‘जरा कोंदट आहे नाही?’ असं म्हणत असे, ते सगळे एका दिवसात करमुक्त झाले. समोरचा ५०५वाला आणि ५०९वाला मी, आम्ही दोघं लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघता उतरायला लागलो.

मी फेरमोजणीसाठी अर्ज केला. आता घर लहान दिसणं गरजेचं होतं. निरीक्षक यायच्या आदल्या दिवशी मी लोखंडी कपाट हॉलमध्ये आणलं, माळ्यावरची भांडी खाली उतरवली, गाद्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या. बायको माहेरी जाते म्हणाली. निरीक्षक तरुण होता आणि सभ्य होता. त्याने हातातलं लेसरचं यंत्र गादीच्या वरून या भिंतीवरून त्या भिंतीवर मारलं आणि म्हणाला, ‘काका, सामान कशाला काढलंत? मोजमाप भिंतींचं असतं.’ टेबल होतं तिथे तो थोडा थांबला. त्याने भिंतीचा फोडलेला कडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. ‘हे आत घेतलंय ना?’ मी म्हणालो, ‘कागदावर ५०९ आहे, पण तेवढं नसावं.’ ‘नाहीच आहे,’ तो म्हणाला, ‘५०३ आहे.’

तीन फूट! मी त्याला म्हणालो, एवढ्या तीन फुटांत टेबलाचा एक पायसुद्धा उभा राहत नाही. तो म्हणाला, ‘काका, ती भिंत होती तशी बांधा आणि मग बोलवा. आता बोलवलंत तर ती फोडली कधी आणि कोणाला विचारून, हेही बघावं लागेल.’ मी त्याला चहा दिला आणि तो विषय आम्ही दोघांनीही पुन्हा काढला नाही. भिंत बांधायला गवंड्याने जे पैसे सांगितले त्यात कित्येक वर्षांचा कर भरून निघतो. शिवाय लेक लग्न होऊन गेली असली तरी टेबल तिथेच आहे. त्यावर आता मी बसतो आणि दोन्ही राज्यांचे कागद तिथेच ठेवतो. त्या बिलातला वृक्ष उपकर भरताना दर वेळी मला माझा फ्लॉवर बेड आठवतो.

२०२३च्या ऑक्टोबरात आक्काचा फोन आला. ‘यंदा तू ये की रे. घराची मापं नव्यानं लिहून द्या म्हणायलेत. सही तुझी पायजे. जूनच्या आत भरायचं होतं, तुला सांगून सांगून दमले.’ कर्नाटकात घरपट्टी आपण स्वतःच आकारायची असते. फॉर्मवर मापं, बांधकाम, वय भरा, हिशेब करा, भरा. एप्रिलमध्ये भरली तर ५ टक्के सूट, जूनअखेर मुदत, जुलैपासून दरमहा २ टक्के दंड. मुंबईतही थकबाकीवर दंड दरमहा २ टक्केच. या एका मुद्द्यावर दोन्ही राज्यांत सीमावाद नाही.

मी ३१ तारखेच्या रात्रीची बस धरली. सुट्ट्यांची यादी मी बघितली होती. १ नोव्हेंबरला बुधवार, बँका चालू. ती यादी महाराष्ट्राची होती. ज्या माणसाच्या वडिलांनी त्याला बाराखडीच्या आधी १ नोव्हेंबर ही तारीख शिकवली, ज्याच्या घरात त्या दिवशी गोड शिजत नसे, तो माणूस त्याच दिवशी बेळगावात कर भरायला निघाला होता. बसमध्ये एसी जबर होता. बायकोने थैलीत पिवळा स्वेटर घातला होता, मानेला मी लाल मफलर गुंडाळला. कागल, कोगनोळी, निपाणी, संकेश्वर, सगळं झोपेत गेलं.

पहाटे उतरलो तर चौकात पताका. रिक्षावाल्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि दोन्ही हात जोडून हसला. भाडं मीटरपेक्षा कमी घेतलं. मला वाटलं, बेळगावची माणसं अजून जुन्या वळणाची आहेत. वाटेत एका मंडपापाशी तरुण पोरांनी रिक्षा थांबवली, काहीतरी आनंदाने म्हणाली आणि माझ्या हातात एक छोटा झेंडा दिला. पिवळा आणि लाल. मी झेंड्याकडे बघितलं, मग स्वेटरकडे, मग मफलरकडे. तोवर रिक्षा शहापुरात आमच्या गल्लीत शिरली होती आणि त्या गल्लीत दंडाला काळ्या फिती बांधलेली माणसं फेरीला निघायच्या तयारीत उभी होती. ती सगळी मला ओळखत होती. त्यातले दोघं वडिलांना काका म्हणायचे.

आक्काने दार उघडलं, मला बघितलं आणि मनगट धरून आत ओढलं. ‘हे काय घालून आलास रे? भाऊकाकांचा मुलगा न्हवं तू?’ मी म्हणालो, थंडी होती. ती म्हणाली, ‘थंडी न्हाय, अक्कल न्हाय.’ तिचा नातू पलीकडच्या कॉलेजात कन्नड शिकवतो आणि तिचा मुलगा काळी फीत बांधून फेरीला गेला होता. दुपारी दोघं एकाच ताटाळ्यातून ताटं काढून जेवायला बसले. त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. कार्यालय अर्थातच बंद. मी दिवसभर माडीवर टेप घेऊन बसलो.

मुलुंडने मला एक धडा शिकवला होता: घराची मापं सांगताना छाती फुगवू नये. माडीचा जो कोपरा गळतो तो मी सोडून दिला, कारण तिथे उभं राहता येत नाही. सोप्यातली मांजरीची जागा सोडली. जिना सोडला, कारण त्याला तिसरी पायरी नाही. बांधकामाचं वय जितकं जास्त तितका घसारा जास्त, म्हणून १९३१ हा आकडा मी ठळक लिहिला. अशी माझी माडी संध्याकाळपर्यंत निम्मी झाली. स्वतःच्या घराबद्दल खरं बोला, असं माणसाला सांगणारं सरकार फार आशावादी असलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी आक्का बरोबर आली. ‘मुंबईचा माणूस, कुठंतर फसवतील,’ म्हणाली. फॉर्म कन्नडमध्ये. तिचा नातू भरून देणार होता, पण त्याचं लेक्चर होतं. खिडकीपलीकडचे गृहस्थ आमच्या मराठीत बोलत होते आणि लिहीत होते कन्नडमध्ये. ‘बसा की सर. आधार आणलाय न्हवं?’ मी मापांचा कागद पुढे केला. त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि आक्काने कान टवकारले.

‘केवढी माडी?’

त्यांनी पुन्हा वाचलं.

‘एवढुशी? अरे, आजोबांचं घर आहे ते, पानाची टपरी हाय काय? माझ्या लग्नात माडीवर पन्नास पान उठलंय! एका पंगतीत!’

मी आक्काच्या पायावर पाय दिला. तिने पाय बाजूला घेतला आणि पुढे झाली. ‘आणि हे १९३१ कशाला लिहिलंस? लोक म्हणतील जुनाट घर. मागं सगळं नवीन केलंय की आम्ही. फरशी काढून टाइल्स घातल्या. न्हाणीघरसुद्धा.’ त्या गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. ‘आता मी तुमचं लिहू काय, आक्कांचं लिहू?’ मागच्या रांगेतली माणसं आमच्या माडीत रस घेऊ लागली होती. आक्काचं लिहिलं. मुलुंडमध्ये मला माझ्या भिंतीने पकडून दिलं होतं, इथे बहिणीने. आपल्या घराण्यात घर मोठं असण्याची हौस फक्त मलाच आहे असा माझा समज होता, तो एका सकाळी गेला.

हिशेब झाला. करावर आरोग्य उपकर १५ टक्के, ग्रंथालय उपकर ६ टक्के आणि भिक्षेकरी उपकर ३ टक्के. शेवटचा मी दोनदा विचारून घेतला. कर्नाटकात भिक्षा प्रतिबंधाचा कायदा १९७५चा आहे आणि भिक्षेकऱ्यांच्या पुनर्वसनासाठी हा उपकर घरपट्टीवर घेतात. मुंबईतला झाडांचा कायदाही १९७५चाच. त्या एका वर्षात माझ्या एका घरावर झाडं आली आणि दुसऱ्यावर भिक्षेकरी. दोन्ही सरकारांनी मला न विचारता माझ्याबद्दल फार चांगलं मत करून घेतलं होतं. ग्रंथालयाबद्दल मात्र मी त्या गृहस्थांचं मनापासून अभिनंदन केलं. ते म्हणाले, ‘आमचं काय त्यात सर, कायदाच हाय.’

एकूण कर २,४०० रुपये, दंड २४०. बसचं जाऊन-येऊन भाडं याहून जास्त झालं होतं, पण तो हिशेब मी आक्कासमोर काढला नाही. चलन हातात आलं आणि मला वडिलांची आठवण झाली. इतकी वर्षं त्यांचा निषेध तारेवर टोचला गेला. आज त्यांचा मुलगा प्रत्यक्ष खिडकीवर उभा होता. मी पेन काढलं, चलनाच्या कोपऱ्यात मराठीत ‘निषेधासह’ असं ठसठशीत लिहिलं आणि पैशांसकट आत सरकवलं.

‘हे काय लिहिलंत सर?’

‘निषेध,’ मी म्हणालो.

‘कशाचा?’

उत्तर माझ्याजवळ तयार होतं. त्यात १९५६ होतं, महाजन आयोग होता, २००४चा दावा होता, सांगली संस्थानापासून सुरुवात करायची की मुंबई राज्यापासून, एवढंच ठरायचं होतं. मागे रांग वाढली होती. कुणाच्या तरी कडेवरचं मूल रडत होतं. ते गृहस्थ माझ्याकडे खरोखरच मदत करायच्या इच्छेने बघत होते.

‘दंडाचा काय?’ त्यांनीच सुचवलं.

‘हो,’ मी म्हणालो. ‘दंडाचा.’

‘दंड सगळ्यास्नीच हाय सर. पुढल्या सालाला एप्रिलात या, ५ टक्के सुटतंय.’ आणि त्यांनी शिक्का मारला. शिक्का बरोबर वडिलांच्या शब्दावर बसला.

पावती आजोबांच्या नावाने आली. कन्नड लिपीत त्यांचं नाव फार गोल आणि खुशालचेंडू दिसत होतं. प्रत्यक्षात आजोबा भयंकर तापट होते. मी विचारलं, हे नाव आता बदलता येईल का? येईल की, ते म्हणाले. वाटणीपत्र आणा, वारसांच्या सह्या आणा आणि मृत्यूचा दाखला आणा. कुठे वारले?

आजोबा १९५५ साली मुलुंडला आमच्याकडे आले असताना वारले. तेव्हा मुलुंड मुंबईत नव्हतं, ठाणे जिल्ह्यात होतं. शहापूर कर्नाटकात नव्हतं, मुंबई राज्यात होतं. म्हणजे आजोबा मुंबई राज्यातल्या ठाणे जिल्ह्यात वारले, त्यांचं घर तेव्हा त्याच राज्यात होतं, आणि आता त्या घरावरचं नाव काढायला कर्नाटकात एक कागद लागणार होता, जो महाराष्ट्रात ठाण्यात शोधायचा की मुंबईत, हे कोणाला विचारायचं, याचा मी रस्त्यात उभा राहून विचार करू लागलो. आक्काने तोवर कोपऱ्यावरच्या दुकानातून माझ्यासाठी अर्धा किलो कुंदा बांधून घेतला होता.

‘काय करतोस एवढा विचार?’ ती म्हणाली. ‘आजोबा भरायलेत न्हवं घरपट्टी? भरू देत की.’